प्रेमाच्या नावाखालचा जाच

जानेवारी २०२४ मध्ये हिंजवडीतील एका लॉजमध्ये संगणक अभियंता तरुणीचा गोळ्या झाडून खून झाला. त्या प्रकरणी तिच्या मित्राला अटक झाली. अशा वेळी ‘ती तेथे गेलीच कशाला?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. आणि तो नेहमीच चुकीच्या व्यक्तीला उद्देशून असतो.

खुनाची बातमी होते, त्याआधीच्या जाचाची होत नाही. आरंभी तो जाच म्हणून ओळखूही येत नाही. पाळी सुटली की लगेच फोन कर, ही काळजीच वाटते. पुढे मैत्रिणी तुटतात, पगार त्याच्या हाती जातो. आणि पहिला हात उगारला जातो तोवर मन मोकळे करावे असे कोणी उरलेले नसते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात हे अधिकच सहज घडते. मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलगी हे नाते घरी लपविते. कळले तर नोकरी सोडवून गावी नेतील, ही तिची भीती निराधार नसते. मग ‘वडिलांना छायाचित्रे पाठवीन’ एवढी धमकी तिला गप्प बसवायला पुरते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मारहाणीबरोबर मानसिक व आर्थिक छळही छळच मानला आणि विवाहसदृश नात्यालाही संरक्षण दिले. मात्र दोघे एका घरात राहिलेले असावे लागतात. वेगवेगळ्या खोल्यांत राहणाऱ्या मुलीला पाठलाग, धमकी, मारहाण असे सुटे सुटे गुन्हे नोंदवीत बसावे लागते.

आणि नोंदविले तरी? वसईच्या एका तरुणीने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळींज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती, की जोडीदार मारतो व तुकडे करण्याची धमकी देतो. पुढे तिनेच ती मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. आरोप त्याच जोडीदारावर आहे. त्यानंतर डिसेंबरमध्ये राज्य सरकारने समिती नेमली, ती आंतरधर्मीय विवाहांविषयी! मूळ प्रश्न मागे घेतलेल्या तक्रारीचा होता.

पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तक्रार मागे घेणाऱ्या मुलीला महिन्याभराने महिला अधिकाऱ्याने एकटीला बोलावून विचारपूस करावी, एवढा पायंडा त्याने पाडावा. त्याला वेगळा कायदा लागत नाही. तोवर ११२ आणि १८१ हे क्रमांक मुलींच्या वसतिगृहांत व कंपन्यांच्या बसथांब्यांवर तरी ठळक अक्षरांत लागावेत.