बारवीकाठच्या शाळांची जुनी रजिस्टरं वाचवा

बारवी धरण एमआयडीसीने १९७२ साली बांधलं, मग टप्प्याटप्प्याने उंच केलं. २०१९ च्या पावसाळ्यात ते ७२.६० मीटरपर्यंत पहिल्यांदाच भरलं. तोंडली, काचकोली, मोहघर परिसरातल्या कुटुंबांना आपली घरं सोडावी लागली. जमिनीची मोजणी झाली, घरांची झाली, झाडांचीही झाली. पण या डोंगरपट्ट्यातल्या ठाकर-कातकरी पोरांनी जिथे पहिल्यांदा पाटी हातात घेतली, त्या शाळांच्या दप्तराचं काय झालं, हे आता विचारलंच पाहिजे.

जुन्या ठाणे जिल्ह्यात आदिवासी मुलांचं शिक्षण सहज उभं राहिलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्या काळात एखाद्या आदिवासी मुलाचं नाव लोकल बोर्डाच्या शाळेत लागणं ही मोठीच गोष्ट होती. अशा नोंदी मुळात थोड्या, म्हणून त्यातली एकही गमावणं परवडणारं नाही.

ही केवळ आठवणींची हौस नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना समिती ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागते. वडिलांकडच्या आजोबा-पणजोबांची शाळेतली एक ओळ, जातीच्या रकान्यात लिहिलेलं 'ठाकर' किंवा 'काथोडी' (म्हणजे कातकरी), एवढ्यावर नातीचा नर्सिंगचा प्रवेश टिकतो किंवा जातो. पन्नासनंतरच्या नोंदीही वंशावळ जुळवायला लागतातच. ज्यांचं गावच उठलं, त्यांनी हा कागद शोधायचा कुठे?

जनरल रजिस्टर हा शाळेचा कायम जपायचा अभिलेख आहे. तरीही मोडकळीला आलेल्या इमारतीचं निर्लेखन होतं, कौलं उतरतात आणि कपाटातलं बाड गळक्या खोलीत जाऊन पडतं. एका पावसाळ्यात शाई उतरते.

म्हणून मुरबाड-अंबरनाथच्या मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती: समायोजित झालेल्या शाळेचं रजिस्टर तुमच्याकडे असेल, तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याचे फोटो आजच काढून ठेवा. निवृत्त गुरुजींनो, कोणतं दप्तर कुठे हलवलं हे तुम्हालाच ठाऊक आहे. ते लिहून द्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या तरुणांनो, या धरणाच्या पाण्यावर इथले कारखाने आणि शहरं उभी आहेत. एखादा रविवार काढा, पुनर्वसित वस्तीत जा आणि जुन्या नोंदीची प्रत मागणारा अर्ज लिहायला मदत करा.

अर्ज साध्या कागदावर चालेल. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लिहा, साक्षांकित प्रत मागा आणि पोच घ्या. शाळेचं नाव, आजोबांचं पूर्ण नाव, अंदाजे साल घाला. साल आठवत नसेल, तर त्यांच्या भावंडांची नावंही द्या. नोंद सापडायला मदत होते.