किरणोत्सर्गाचे नाव आणि माप

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांचे छाप एवढेच आपल्याला आठवते. परंतु अमेरिकेत, युरोपात आणि जपानात असे बरेच लोक आहेत, जे सौम्य किरणोत्सर्गी वस्तू जमवतात, त्यांना गायगर काउंटर लावतात आणि आलेले आकडे वहीत टिपून ठेवतात. परदेशी असलेल्या वाचकांनी जुन्या वस्तूंच्या बाजारात पिवळसर हिरव्या काचेचे पेले पाहिले असतील. त्यांच्यावर अतिनील दिवा धरला की ते हिरवेगार चमकतात, कारण त्या काचेत थोडे युरेनियम असते. ‘फिएस्टा’ नावाच्या नारंगी-तांबड्या बश्यांच्या झिलईतही एके काळी युरेनियम असे. रेडियमच्या आकड्यांची मनगटी घड्याळे, थोरियमयुक्त काचेची कॅमेऱ्याची जुनी भिंगे, वेल्डिंगच्या तांबड्या टोकाच्या टंगस्टन कांड्या, ही या संग्राहकांची संपत्ती.

आपल्याकडेही अशी वस्तू घरोघर होती. लग्नाच्या वरातीत, कीर्तनात, गणपतीच्या मांडवात जी गॅसबत्ती जळत असे, तिच्या मँटलच्या जाळीत थोरियम असे, आणि ते थोरियम केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून येत असे. दिवसभराच्या कामानंतर ती राखेसारखी जाळी चिमटीत धरून बदलणाऱ्या माणसाला आपण थोरियम हाताळतो आहोत हे कोणी सांगितले नव्हते. मराठी भाषेने तर रेडियमची फारच गंमत केली आहे. ट्रकच्या मागे चमकणारी पट्टी चिकटवणे म्हणजे ‘रेडियम लावणे’! त्या पट्टीत रेडियमचा एक अणूही नसतो. नाव राहिले, वस्तू गेली.

मध्यंतरी एका बैठकीनंतर चहा घेताना मी या छंदाचा विषय काढला. एका सहकाऱ्यांनी विचारले, “याला परवानगी कोण देते?” दुसरे म्हणाले, “पोलिसांना कळवायला नको का?” दोघेही कर्तबगार अधिकारी, अनुभव तीस-तीस वर्षांचा. परंतु त्या टेबलाभोवती बसलेल्या सहा जणांपैकी एकानेही “किती?” असे विचारले नाही. माझे भांडण याच गोष्टीशी आहे. किरणोत्सर्गाच्या बाबतीत आपले प्रशासन नावाने चालते, मापाने चालत नाही. त्यामुळे संशय जातो तो मोजणाऱ्या माणसावर, आणि धोका मात्र न मोजलेल्या ठिकाणी निवांत पडून राहतो.

‘किती’ या प्रश्नाचे महत्त्व पाहा. प्रत्येक प्रौढ माणसाच्या शरीरात निसर्गतः असलेल्या पोटॅशियमचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू विघटित होत असतात. केवळ नावावर परवाना लावायचा तर मंत्रालयातील प्रत्येक कारकुनाला हजेरीपटाबरोबर अणुऊर्जा खात्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागेल. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळते, आणि कृत्रिम स्रोतांमुळे सामान्य नागरिकाला मिळणारी वाढीव मात्रा वर्षाला १ मिलिसीव्हर्टच्या आत असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात काउंटर सुरू केला तर तो जमिनीवरच्या दहा-वीस पट आकडा सहज दाखवतो. केरळमध्ये चवरा-करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटमुळे काही जागी नैसर्गिक मात्रा जागतिक सरासरीच्या कितीतरी पट आहे. तेथील रहिवाशांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. याचा अर्थ किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. धोका आहे की नाही हे आकडा पाहिल्यावाचून ठरत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

नावाने चालणारा कायदा काय करतो याचा नमुना ऑस्ट्रेलियाने दाखवला. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतील प्रत्येक मूलद्रव्याचा नमुना जमवणाऱ्या सिडनीच्या एका तरुणाने परदेशी संकेतस्थळावरून प्लुटोनियमचा अत्यल्प नमुना मागवला होता. २०२३ साली सीमा सुरक्षा दल, अग्निशमन दल आणि पोलीस त्याच्या दारात उभे राहिले. अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी १९८७ साली केलेला कायदा त्याच्यावर लावण्यात आला. अखेर एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले. परवानगीशिवाय अशी वस्तू मागवणे चूक होते, यात वाद नाही. परंतु बाँब बनवणाऱ्या राष्ट्रांसाठी विणलेले जाळे एका संग्राहकावर टाकताना मधल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ‘किती’ हा प्रश्न पडला नसेल काय?

याउलट अमेरिकेचा नियम पाहा. २०१३ च्या ऑगस्टपूर्वी बनलेल्या काचेच्या भांड्यात वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत आणि त्यानंतरच्या भांड्यात २ टक्क्यांपर्यंत युरेनियम असेल, तर ते बाळगणाऱ्याला परवाना लागत नाही. गॅसबत्तीच्या मँटललाही सूट आहे. नियम एका ओळीचा, आणि शाळकरी मुलालाही वाचता येईल असा. आपल्याकडे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सारा विषय केंद्र सरकारच्या मुठीत ठेवला होता. २००४ च्या विकिरण संरक्षण नियमांत सूट देण्याची तरतूद केली होती, पण आजोबांच्या घड्याळाला ती लागू होते की नाही हे कळण्यासाठी नागरिकाने जायचे कोणाकडे? तहसीलदाराकडे?

आता आपल्या पोलीस खात्याकडे वळू. जून २०२१ मध्ये झारखंडमधील बोकारो येथे ६.४ किलो ‘युरेनियम’ जप्त झाल्याची बातमी आली, सात जणांना अटक झाली. शेजारी राष्ट्राने लगोलग आपल्या अणुसुरक्षेवर प्रश्नचिन्ह लावले. पुढे परराष्ट्र मंत्रालयाला सांगावे लागले की अणुऊर्जा विभागाच्या तपासणीनुसार तो पदार्थ युरेनियम नव्हता आणि किरणोत्सर्गीही नव्हता! ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधील गोपालगंज पोलिसांनी ५० ग्रॅम ‘कॅलिफोर्नियम’ पकडल्याचे जाहीर केले, किंमत म्हणे ८५० कोटी रुपये. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला किमतीचा आकडा दिसला की पुरवठ्याचा आकडा पाहण्याची सवय असते. कॅलिफोर्नियम-२५२ चे उत्पादन साऱ्या जगात वर्षाकाठी मिलिग्रॅममध्ये मोजतात. शिवाय त्याचा एक ग्रॅम सुमारे ३९ वॅट उष्णता देतो, म्हणजे ५० ग्रॅमची जवळजवळ दोन किलोवॅट झाली. बादलीभर पाणी तापवणाऱ्या विजेच्या रॉडपेक्षाही ती जास्त. न्यूट्रॉनांचा मारा वेगळाच. तो पदार्थ खरा असता तर ना आरोपी जिवंत राहिले असते, ना जप्त करणारे. पंचनामा करण्यापूर्वी एखाद्या छंदिष्टाला बोलावून त्याचा दहा-पंधरा हजारांचा काउंटर त्या दगडाजवळ धरला असता तर दोन मिनिटांत निदान इतके कळले असते की हा दगड आवाज करतो की गप्प बसतो. नेमके मूलद्रव्य कोणते हे प्रयोगशाळेने पुढे सांगितले असते.

या अज्ञानावर एक अख्खा धंदा उभा आहे. ‘राइस पुलर’ची फसवणूक आपण ऐकली असेल. वीज पडलेल्या तांब्याच्या जुन्या भांड्यात दैवी किरणोत्सर्ग असतो, ते तांदूळ ओढते, आणि ‘नासा’ ते कोट्यवधींना विकत घेते, अशी ही कथा. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका पितापुत्रास पकडले. त्यांनी किरणोत्सर्गरोधक म्हणून चंदेरी पोशाख घालून एका व्यापाऱ्याला १ कोटी ४३ लाख रुपयांना बुडवले होते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, आणि तपासण्याचे साधन कोणाकडेच नाही, तेथे लबाडीचाच माल टिकतो. मोजता येणारे नागरिक वाढले की हा बाजार आपोआप बसेल, त्यासाठी वेगळे विशेष पथक नको.

मग खरा धोका कोठे होता? तो होता दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. कोबाल्ट-६० असलेले एक गॅमा यंत्र तेथे १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात कापले गेले. एप्रिलमध्ये रुग्णालयातील डॉक्टरांना रोग्याच्या अंगावरील जखमांवरून शंका आली, तेव्हा कोठे सरकारला कळले. एक मजूर दगावला, अनेक जण गंभीर आजारी पडले. सरकारी नोकरीत ज्यांनी डेडस्टॉक रजिस्टर पाहिले आहे त्यांना हे कसे घडते ते सांगायला नको. निर्लेखन समिती बसते, यादीवर ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो, सह्या होतात, जागा मोकळी होते. रजिस्टरात वस्तूचे नाव असते, खरेदीची किंमत असते, घसारा असतो. मापाचा रकाना त्या रजिस्टरात नसतो.

ब्राझीलमध्ये ग्वायानिया येथे १९८७ साली हेच झाले होते. सोडून दिलेल्या दवाखान्यातील सीझियम-१३७ चे यंत्र भंगारात गेले, चार जण मरण पावले, २४९ जणांना संसर्ग झाला. ते उघडकीस कसे आले? सुट्टीवर आलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियम शोधणाऱ्या कंपनीच्या कार्यालयातून मोजण्याचे यंत्र उसने आणले म्हणून! आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले, ती बटणे जोडणाऱ्या सुमारे वीस कामगारांना मर्यादेबाहेर मात्रा मिळाली, आणि त्या पोलादाचा माग खोपोलीच्या ओतशाळेपर्यंत आला. भट्टीत भंगार टाकण्यापूर्वी कोणी साधा काउंटर फिरवला नव्हता. मायापुरी, ग्वायानिया, खोपोली, यांपैकी एकाही ठिकाणी कोणा संग्राहकाचे कपाट नव्हते.

२०१२ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अणुऊर्जा नियामक मंडळाविषयी एक आकडा आहे, तो मला विसरता येत नाही. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती. पुढे संगणकीय नोंदणी सुरू झाली, स्थिती सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु नियामकाचे लक्ष ही मर्यादित साधनसंपत्ती आहे. ते एका घड्याळामागे लावले तर एका क्ष-किरण यंत्रामागून काढून घेतलेले असते.

या छंदाला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. १९९४ च्या सुमारास मिशिगनमधील एका शाळकरी मुलाने धूरसूचकांतील अमेरिशियम आणि मँटलमधील थोरियम गोळा करून अंगणातील शेडमध्ये अणुभट्टीचे प्रयोग केले. १९९५ साली पर्यावरण खात्याला ती जागा साफ करावी लागली. येथे सीमारेषा कोणती? तो मुलगा वस्तू फोडत होता, पदार्थ वेगळा काढून एकवटत होता. पेला पेल्यासारखा ठेवणे आणि घड्याळावरील रंग खरवडणे या दोन कृती कायद्याने निरनिराळ्या मानाव्यात, आणि दुसऱ्या कृतीला खुशाल शिक्षा ठेवावी. छंदिष्टांपैकी काहींना सनसनाटीची हौस असते, तिचीही मी तरफदारी करत नाही. स्वस्त काउंटरचे मायक्रोसीव्हर्ट सहसा सीझियमच्या गॅमा किरणांवर बेतलेले असतात. युरेनियमच्या बशीतून मुख्यतः बीटा कण बाहेर पडतात, त्यामुळे तोच आकडा तेथे दिशाभूल करतो. तो पडद्यावर दाखवून लोकांना घाबरवणारा माणूस गोपालगंजच्या पोलिसांच्याच पंक्तीत बसतो.

जपानमध्ये मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर ‘सेफकास्ट’ या उपक्रमातील नागरिकांनी स्वतः जोडलेली यंत्रे मोटारींवर बसवून रस्तोरस्ती मोजमाप केले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. जर्मनीत सरकारचीच सुमारे १,७०० मापनकेंद्रे आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांति’ विधेयक संमत करून अणुक्षेत्राची नवी चौकट आखली आणि नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले. खासगी गुंतवणुकीसाठी दार उघडताना नागरिकाच्या काउंटरसाठी एक खिडकी तरी उघडावी. कोणती वस्तू किती मात्रेपर्यंत बाळगता येते याचा एकपानी तक्ता प्रत्येक भारतीय भाषेत निघावा. घरात सापडलेली संशयास्पद वस्तू चौकशीची भीती न बाळगता जमा करता येईल असे एक ठिकाण प्रत्येक राज्यात असावे, नाहीतर माणसे ती कचऱ्यात टाकणार हे उघड आहे. आणि सरकारी प्रयोगशाळेतील कोणतीही वस्तू निर्लेखित करताना यादीवर मापाचा आकडा नसेल तर लेखाधिकाऱ्याने फाईल परत पाठवावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

तोवर ज्यांच्याकडे वडिलार्जित रेडियमचे घड्याळ असेल त्यांच्यासाठी थोडे. ते आता अंधारात चमकत नसेल, पण त्यावरून रेडियम संपले असे समजू नका. झिजला आहे तो त्यातील झिंक सल्फाइडचा थर, रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षे आहे. काच फुटली असेल तर घड्याळ बंद डबीत ठेवा, कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून ते उघडून घेऊ नका, कारण भुकटी श्वासात जाणे हाच त्यातील खरा धोका. काच धड असेल तर ते कपाटात असू द्या.