आधी रस्सा, मग मटण

मराठी विभागासाठी लिहितेस का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. बालवाडीपासून कॉन्व्हेंट. दुकानदार "सदुसष्ट" म्हणाला की मी अजूनही शंभराची नोट पुढे करते आणि परत येईल ते मुकाट्याने घेते! पण विषय खाण्याचा आहे आणि त्यात मला मत आहे. तेव्हा मंडळी, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे रविवार म्हणजे तांबडा-पांढरा. पेपर वाईट गेला, ताप येऊन गेला, मॅच हरलो... सगळ्यावर उपाय एकच. कम्फर्ट फूडला मराठीत काय म्हणतात असं मी आजीला विचारलं, तर म्हणाली, "जिवाला बरं वाटतं ते." घ्या!

सेकंड इयरला होस्टेल सोडून आम्ही चौघींनी पुण्यात फ्लॅट घेतला. घरमालकांची पहिलीच अट : नॉनव्हेज आणायचं नाही, शिजवायचं नाही. अट नसती तरी फार फरक पडला नसता म्हणा. मटण किलोला ७००-८०० रुपये आणि आमचं बजेट असं, की वीस तारखेनंतर मॅगीसुद्धा अर्धी-अर्धी. मग सुरू झाले आमचे व्हेज प्रयोग.

पहिली चूक सगळेच करतात ती, पनीर. मटणाच्या जागी पनीर टाकलं की झालं, असं वाटतं. २०० ग्रॅमचं पाकीट शंभराच्या आसपास, चौघींत मोजून चार-चार तुकडे, आणि ते रश्शात नुसते पोहत राहतात. रश्शाशी त्यांचं काही देणंघेणंच नाही. कंटाळा आला की बाहेरून पनीर हंडी, प्रत्येकी दीडशे. आमची लातूरवाली तेव्हा म्हणायची, "मला भूक नाही, तुम्ही खा." लागोपाठ तीन रविवार भूक नाही! आम्ही थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवणाऱ्या मुली, पण हे गणित लक्षात यायला आम्हाला तीन रविवार लागले. तिच्या वडिलांचं सोयाबीन असतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात मिळाला त्याहून कमी. ती बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हणून मला हा विषय टाइमपास वाटत नाही. जेवणाची वर्गणी किती, यावर जेवायला कोण बसणार हे ठरतं.

मग आल्या सोयाबीनच्या वड्या. गंमत म्हणजे लातूरवालीच्या घरी त्या कधी शिजल्याच नव्हत्या. सोयाबीन पोत्यात भरायचं आणि विकायचं, एवढाच तिच्या घराचा त्याच्याशी संबंध. तेल काढून झाल्यावर जी पेंड उरते, तिच्या पिठाच्या या वड्या. ते पीठ ओलं करून एक्स्ट्रूडरमधून काढतात. आत दाब आणि उष्णता, डायमधून बाहेर पडलं की दाब एकदम उतरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ स्पंजासारखं फुगतं. मेकॅनिकलच्या सिलॅबसमध्ये एक्स्ट्रूजन आहे ते प्लास्टिकच्या पाइपचं, पण मशीन त्याच जातीचं. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. मात्र भिजून त्या इतक्या फुगतात की एकीच्या पोटात कोरड्या मापाने पंचवीस-तीस ग्रॅमच जातात. जिमवाल्यांनी नोंद घ्यावी.

आमची पहिली बॅच पार फसली. कसला तो वास! कारण न पिळताच टाकल्या. स्पंज आधीच पाण्याने भरलेला असेल तर तो रस्सा पिणार कुठे? मिठाच्या पाण्यात उकळून, गार पाण्यात धुऊन, दोन-तीनदा पिळायच्या, सबमिशनच्या आठवड्यात आपण पिळून निघतो तशा. मग आलं-लसूण, हळद, दही लावून तेलावर परतायच्या. चांगल्या लागतात. पण मटण? छे. दाताखाली तुकडा आला की जीभ फसत नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे की तिला फसवायला जाऊच नये. मॉलमध्ये मॉक मीटचं पाकीटही बघितलं. किंमत वाचली आणि जागेवर ठेवलं.

शेवटी अमरावतीवाली वैतागली. "तुकड्याच्या मागे काय लागलात? पाटोडी करू!" आपण पाटवडी म्हणतो ती. फोडणी करून त्यात पाणी उकळायचं, बेसनाच्या साधारण दुप्पट. बेसन घालून गुठळ्या मोडत घोटायचं, वाफ आणायची, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वरून खोबरं-कोथिंबीर, आणि शंकरपाळ्यांसारख्या वड्या कापायच्या. रश्शाला कांदा आणि सुकं खोबरं अगदी काळपट होईपर्यंत भाजायचं. इथे घाई केली की संपलं. त्यात आईने डबा भरून दिलेली वर्षाची चटणी. आणि साध्या पाण्याऐवजी मटकी शिजवलेलं पाणी, ही माझी भर. पुरणपोळीच्या दिवशी डाळीच्या कटाची आमटी होते ना, तेच लॉजिक. मटणाच्या अळणी पाण्याची जागा हा कट घेतो, तोही फुकटात. वड्या ताटात घेऊन वर रस्सा ओतायचा. पातेल्यात टाकून ठेवल्या तर सगळा रस्सा त्याच पिऊन टाकतात. भाकरी धरून चौघींचं शंभराच्या आत झालं. लातूरवालीने तीनदा रस्सा वाढून घेतला.

आजीला फोन करून सांगितलं, "आजी, आज खोटं मटण केलं." तर म्हणते, "खोटं कसलं गं? आमच्या वेळंला मटण जत्रंला, न्हाईतर पावणं आलं तर. बाकी ह्याच चटणीत बटाटा, वांगं, घरात असंल ते."

म्हणजे मी ज्याला ओरिजिनल समजत होते ती सणाची आवृत्ती, आणि जिला कॉपी म्हणत होते ती आजीची रोजची! खालच्या मजल्यावर कुडाळची एक जण राहते. त्यांच्याकडे सोमवारी मासे नाहीत, मग सुरणाचे नाहीतर नीरफणसाचे काप मसाला लावून, रव्यात घोळवून तळतात. त्यांना कुणी खोटे मासे म्हणत नाही.

मी शाकाहारी वगैरे झालेले नाही हं. सुट्टीत घरी गेले की तांबडा-पांढरा हाणणारच. शिवाय पांढऱ्याचा व्हेज अवतार अजून जमलेला नाही. नारळाचं दूध, तीळ, महागडी खसखस, सगळं घातलं तरी तो सोलकढीचा चुलतभाऊ लागतो. पण होस्टेलच्या मेस कमिटीला एक विनंती : रविवारच्या त्या पनीरचे चार तुकडे बंद करा आणि तेच पैसे कांदा-खोबऱ्यात घाला. भाजायला आम्ही येतो.

आणि हो, त्या रविवारी रस्सा उकळत असताना दारावर थाप पडली. घरमालकीणबाई! "अट विसरलात वाटतं?" आम्ही काही न बोलता पातेल्याचं झाकण काढलं, मग वड्यांचं ताट दाखवलं. काकूंनी पळी फिरवून तळापर्यंत बघितलं. "मग हा वास कसला?" खोबऱ्याचा, काकू. त्या वाटीभर घेऊन गेल्या. वाटी अजून परत आलेली नाही.