मरगळीच्या दिवसांतली बचत
(सदर : घरखर्चाची वही)

मैत्रिणींनो, मागच्या अंकांत या सदरात आपण किराणा, शाळेची फी आणि सुट्टीतलं विमानाचं तिकीट यांचे हिशेब मांडले. यंदा हळदीकुंकवाला एकीने वेगळाच प्रश्न विचारला. "बचत कशी करायची ते कळतं गं, पण मन उतरलेलं असलं की कशासाठी साठवायचं, तेच कळेनासं होतं. तेव्हा काय करायचं?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून यंदाची पानं त्यालाच दिली आहेत.

आमच्या सबाह अल-सालेममध्ये सालमिया किंवा अब्बासियासारखी आपल्या माणसांची गजबज नाही. त्यात कुवेतचा उन्हाळा. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी असते, यावरून काय ते समजा. पडदे ओढलेले, एसी चालू, मुलं मोबाइलवर, आणि आपण घड्याळाकडे बघत बसलेल्या. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणी बावीस नंबरच्या, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर. त्यावर नोकरी करता येत नाही. मी सांगलीला सहा वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. दर महिन्याला माझ्या नावावर पगार जमा व्हायचा, तो इथे आल्यावर थांबला. आपल्या मरगळीचा मोठा वाटा इथून येतो, असं मला वाटतं. वाचवायचे आहेत ते 'त्यांचे' पैसे, हे एकदा मनात बसलं की बचत म्हणजे नुसतं मन मारणं होऊन बसतं.

म्हणून आधी हिशेब नीट समजून घेऊ. इथे आपल्याला पेन्शन नाही. खाजगी नोकरीत २०१० च्या कामगार कायद्याप्रमाणे मासिक पगारदाराला नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी पंधरा दिवसांचा आणि पुढे दर वर्षी एक महिन्याचा पगार मिळतो. तोही एकूण दीड वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नाही. बाकी म्हातारपणाची सोय म्हणजे आपण बाजूला टाकू तेवढीच. म्हणजे घर काटकसरीने चालवणारी बाई घरासाठी पेन्शनच कमावत असते. ही कमाई दिसावी म्हणून मी वहीत एक रकाना वाढवला आहे, 'मी वाचवले'. घरी केलेली भाजणी, घरी शिवलेले पडदे, मुलांचा घरीच घेतलेला अभ्यास. बाहेर किती लागले असते आणि प्रत्यक्षात किती लागले, यातला फरक मी तिथे लिहिते. गेल्या महिन्यात सव्वाअकरा दिनार झाले, म्हणजे तीन हजार रुपयांवर. उदास दिवशी "माझा काय उपयोग" असं वाटायला लागलं की तो रकाना उघडते. उत्तर आकड्यात असतं, त्यामुळे वाद घालता येत नाही.

त्यातली काही रक्कम आपल्या स्वतःच्या नावावर जायला हवी. आपणही अनिवासी आहोत, त्यामुळे आपल्यालाही एनआरई खातं उघडता येतं. नवऱ्याने इथून पाठवलेले पैसे त्यात जमा होतात आणि त्यावरच्या व्याजाला भारतात प्राप्तिकर लागत नाही. मात्र अनिवासी झाल्यावर नवं पीपीएफ खातं उघडता येत नाही, हे लक्षात ठेवा.

आता मन आणि पाकीट यांचं नातं. २००८ साली अमेरिकेत सिंथिया क्रायडर, जेनिफर लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला. काही जणांना दुःखी चित्रफीत दाखवली, काहींना साधी. मग पाण्याच्या बाटलीला किती पैसे द्याल, असं विचारलं. दुःखी चित्रफीत पाहिलेल्यांनी कितीतरी जास्त किंमत देऊ केली. आणि चित्रफितीचा परिणाम झाला का, असं विचारल्यावर ते नाही म्हणाले. म्हणजे उदास मन खर्च करवतं आणि त्याचा पत्ताही लागू देत नाही. रात्री साडेअकराला मोबाइलवर कुर्ता मागवताना आपल्याला तो खरंच हवा आहे असंच वाटत असतं. मी अशा वस्तू टोपलीत टाकून ठेवते आणि पैसे सकाळी न्याहारीनंतरच भरते. निम्म्या वस्तू सकाळी नकोशा झालेल्या असतात.

दिनारचे आकडेही फसवे. १९६१ साली रुपया जाऊन दिनार आला तेव्हा एका दिनारला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश रुपया पडायचा. आज २७० च्या वर पडतात. साडेतीन दिनार ऐकायला किरकोळ वाटतात, पण होतात साडेनऊशे रुपयांच्या वर. म्हणून हौसेच्या वस्तूचे रुपये करून बघावेत. भाजी, औषध, मुलांचं दूध यांचे मात्र करू नयेत. घासाघासाचे रुपये मोजत बसलं तर चांगला दिवसही उदास होईल.

मुख्य मुद्दा असा की बचतीचा निर्णय बऱ्या दिवशी घ्यावा आणि अंमल मनावर सोपवू नये. पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल, अशी कायमची सूचना बँकेला देऊन ठेवावी. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका अमेरिकन कंपनीत हेच केलं. पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग बचतीत जाईल, एवढं आधीच कबूल करून घेतलं. चाळीस महिन्यांत त्या लोकांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या पुढे गेली. रोज मनाला समजवावं लागलं नाही.

त्याचबरोबर उदास दिवसासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवा. माझ्या वहीत महिन्याला पाच दिनार 'जिवासाठी' असतात. मैत्रिणीकडे जायला टॅक्सी, मोगऱ्याचं रोप, एखादं पुस्तक. हे खर्च करायचेच, त्याचा हिशेब कुणी मागायचा नाही. अजिबात न सोडणारी मूठ एक दिवस सगळंच सोडते.

आणखी एक. भीतीने केलेली बचत मनाला जड होते. आपल्या मंडळात १९९० पाहिलेली माणसं आहेत. २ ऑगस्टला इराकी फौजा आल्या आणि इथल्या बँकेतले पैसे अडकले. पुढे दिनारच चलनातून काढला गेला. लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे विमानाने घरी परतले, अनेक जण अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यातून धडा घ्यायचा तो एवढाच की सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत. रोज त्या भीतीत जगायचं कारण नाही. बचतीला जवळचं नाव द्या. 'अडीअडचणीला' यापेक्षा 'आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन' किंवा 'मे महिन्यातलं कोकण' असं लिहिलं की हात आपोआप आखडतो आणि मनही खट्टू होत नाही.

एकटीने होत नसेल तर भिशी लावा. इथल्या अरब बायकाही लावतात आणि तिला 'जमिया' म्हणतात. ज्या सहकारी दुकानातून आपण भाजी आणतो, त्यालाही हाच शब्द आहे! भिशीला व्याज नाही आणि कागदाची हमी नाही, म्हणून रक्कम लहान असावी आणि माणसं ओळखीची. पण ठरल्या तारखेला कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढ्यानेही मरगळीचा एक दिवस निघून जातो.

शेवटी एक महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खिन्न असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो वहीचा विषय नाही. डॉक्टरांकडे जा आणि जगणं नकोसं वाटत असेल तर आजच जा. जवळच्या दवाखान्यापासून सुरुवात करता येते. मराठीत ऐकायचं असेल तर ठाण्याच्या आयपीएच संस्थेची, डॉ. आनंद नाडकर्णी यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. या कारणासाठी झालेला खर्च बचतीच्या आड येतो असं मानू नका. घर चालवणारं माणूस धड राहिलं तरच वही चालते.

धनत्रयोदशीला आपण धनाची पूजा करतो. यंदा त्या दिवशी वहीच्या नव्या पानावर तीन ओळी लिहा : दरमहा आपोआप जाणारी रक्कम, तिचं नाव आणि 'जिवासाठी'चे दिनार. आकडा लहान असला तरी चालेल. दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!