लेकरू मांडीवर, काटा शंभरावर

यवतमाळातल्या एखाद्या घरात चार महिन्यांच्या बाळाला विमानानं न्यायचं ठरलं, की आधी परिषद भरते. आजीला बाळाच्या कानांची चिंता, आजोबांना वरच्या विरळ हवेची, शेजारच्या काकूंना दृष्ट लागायची. कापसाचे बोळे निघतात, कानटोपी निघते, डॉक्टरांना दोनदा फोन होतो. मग पहाटे चारला दारात डिझायर उभी राहते. ‘मागं मले मळमळते’ म्हणत बाळाची आई पुढं बसते, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेते, डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार होतो, आणि नागपूरपर्यंतच्या दीडशे किलोमीटरबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सगळी धास्ती विमानाच्या वाट्याला, सगळा भरवसा टॅक्सीच्या. ही वाटणी नेमकी उलटी झाली आहे, एवढंच मला या लेखात दाखवायचं आहे.

विमानाची भीती खोटी नाही. 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं; विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. ती दृश्यं टीव्हीवर पाहिलेल्या आजीला ‘घाबरू नको’ कोण म्हणणार? पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या हिशोबात 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं दगावली. भागाकार केला तर रोज साडेचारशेहून जास्त. अहमदाबादेत एका दिवशी गेले त्याहून जास्त लोक आपल्याकडे रोज जातात, पण एका जागी जात नाहीत, म्हणून बातमी होत नाही. त्याच अहवालात सीटबेल्ट न लावल्यानं मेलेल्यांचा वेगळा रकाना आहे: 16,715. त्यातले निम्मे चालक नव्हते, नुसते बसलेले होते.

आणि यवतमाळकराला रस्ता चुकत नाही. आपल्याकडे विमानतळ आहे, धावपट्टी आहे, 2009 मध्ये तो खाजगी कंपनीला भाड्यानं दिल्यापासूनची लांबलचक कहाणीही आहे. नाही ते प्रवासी विमान. रेल्वेचं तसंच. ‘शकुंतला’ नावाची जुनी छोटी रेल्वे थांबली, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेडची नवी गाडी फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत येऊन पोचली. तेव्हा नागपूर म्हणा, एप्रिल 2025 मध्ये सुरू झालेलं अमरावतीचं बेलोरा म्हणा, पुसद-उमरखेडकडच्यांसाठी नांदेड म्हणा, आकाशात जायच्या आधी डांबरावरून जावंच लागतं.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात जड विधान घेऊ. ‘आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही.’ भावना म्हणून मला हे मान्य आहे. पण गाडी ताशी पन्नासच्या वेगानं जाऊन ट्रॉलीवर आदळते तेव्हा प्रश्न मायेचा राहत नाही, वजनाचा होतो. तो वेग म्हणजे दहा मीटरवरून, साधारण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली पडताना जमिनीला टेकायच्या क्षणी असतो तेवढा. गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली तर सात किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोची ओढ घेतं. ताशी ऐंशी असेल तर दीडशेच्या वर. शंभर किलोची सोयाबीनची पोती उचलणारा हमालही ती बसल्या बसल्या, बेसावध असताना, दोन हातांत झेलू शकत नाही. आईनं स्वतः पट्टा लावला नसेल तर गोष्ट आणखी वाईट: ती पुढं फेकली जाते आणि तिच्या व डॅशबोर्डच्या मध्ये बाळ असतं. आणि एकाच पट्ट्यात आई आणि बाळ दोघांना गुंडाळलं, तर आईचं वजन पट्ट्यासकट बाळाच्या पोटावर येतं. हात कितीही घट्ट धरले तरी उपयोग नाही. हा दोष आईचा नाही, वेगाचा आहे.

‘आमचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, हळू चालवतो.’ असेलही. पण समोरून येणारा ट्रक ओळखीचा नसतो, आणि देवळीच्या पुढं रात्री रस्त्यात उभी राहिलेली दिव्याविना ट्रॉली कुणाचीच ओळखीची नसते. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. महागडी गाडी, दिवसाची वेळ, मागची सीट, पट्टा नाही. पुढचे दोघं पट्टा लावलेले होते, ते वाचले. त्यानंतर मुंबईत मागच्यांनाही पट्टा सक्तीचा झाला, यवतमाळच्या बसस्टँडवर मात्र आजही चालक हसून सांगतो, “मागं पट्टा लावाचं काम नाही जी, तिथं कोण पाहते?”

तो खरं बोलतो. आपल्या भाड्याच्या गाडीत मागचा पट्टा लोंबत असतो, पण त्याचा खटका रेक्झिनच्या कव्हरखाली गाडलेला असतो. सीटच्या फटीत दोन बोटं घालून तो वर काढावा लागतो, आणि त्यासोबत शेंगदाण्याची टरफलं, एखादं जुनं तिकीट आणि बिस्किटाचा चुरा निघतो. वर्षानुवर्षं तिथं कुणाची बोटं गेलेली नाहीत, असा त्याचा अर्थ. गाडी ठरवताना ‘एसी चालू आहे का?’ हे आपण न चुकता विचारतो. त्याच फोनवर ‘मागचे खटके वर काढून ठेवा’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या सीटची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण इथं काळ बदलला आणि सवय बदलली नाही. वीस वर्षांपूर्वी पुढं बसणं नुसतंच धोक्याचं होतं. 2021 पासून नव्या गाड्यांत चालकाशेजारीही एअरबॅग सक्तीची झाली. मोठ्या माणसाला ती तारते. पण डोळ्याचं पातं लवायच्या आत, ताशी दोनशेहून जास्त वेगानं ती उघडते, आणि आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाचं डोकं बरोबर तिच्या तोंडाशी असतं. 2024 मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेलं लहानगं असंच गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात नवी मुंबईत, वाशीला, पुढं बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या धक्क्यानं गेला. ‘पुढं बसा वहिनी, हवा लागते’ हा आदरातिथ्याचा शब्द म्हणूनच मला सगळ्यात भीतीदायक वाटतो.

कायदा काय म्हणतो? 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 194-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालआसनानं बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. यात ‘आईची मांडी’ हा पर्याय नाही. पण कायदा कागदावर आहे आणि राजकारण रस्त्यावर. ऑक्टोबर 2024 मध्ये केरळच्या परिवहन आयुक्तांनी बालआसनाची सक्ती आणि दंड जाहीर केला, आणि लगेच तिथल्या परिवहन मंत्र्यांनी दंड होणार नाही, नुसतं प्रबोधन करू, म्हणून पाणी ओतलं. मंत्र्यांना मतदार कळतात. कुणी विलायतेचा दाखला देईल: ब्रिटनमध्ये टॅक्सीत बालआसन नसेल तर मूल मागच्या सीटवर तसंच नेता येतं. खरं आहे. पण ती सूट दंडातून आहे. धडकेनं अशी सूट कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

मग पैशाचा मुद्दा येतो, आणि इथं मी दोन वेगळ्या घरांना दोन वेगळी उत्तरं देईन. ज्या घरात पंचतारांकित सुरक्षेची गाडी घेतल्याचा स्टेटस ठेवला जातो, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे मोजतात. त्यासाठी दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे मागच्या सीटवर बालआसनात बांधून गाडी आदळतात. ते तारे पुतळ्याला मिळाले, आणि पुतळा कुणाच्या मांडीवर नव्हता. गाडीला पंधरा लाख घालायचे आणि पाच हजारांचं आसन ‘नखरे’ म्हणायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. बारशाला चांदीचे वाळे आणि जरीची कुंची येतातच. मामानं एकदा आसन आणून पाहावं. अमेरिकेतल्या मराठी घरांचा नमुना तर याहून बोलका आहे. तिथं दवाखान्यातून बाळ घरी न्यायचं तर आसन लागतंच, आणि न्यू जर्सीत दोन गल्ल्या पलीकडं जाताना आजीही नातवाला निमूट त्यात बसवते. तेच कुटुंब नागपूरला उतरतं, टॅक्सीत बसतं आणि नातू आजीच्या मांडीवर जातो. इथली टक्कर मवाळ असते, असं बहुधा गृहीत धरलेलं असतं.

दुसरं घर घाटंजी किंवा झरी जामणीकडच्या पाड्यावरचं. त्यांच्यापुढं आसनाचं पत्रक नाचवणं निर्लज्जपणा ठरेल. काळीपिवळीत चौदा माणसं, दोन बकऱ्या आणि मागं लटकलेला क्लीनर. तिथं आसन कुठं बांधणार? त्यांना माझं सांगणं साधं आहे: जिथं एसटी जाते तिथं एसटी. जड गाडी, चालकाच्या मागं मधल्या रांगेत जागा, दारापासून दूर. मार्च 2023 पासून बाईला अर्धं तिकीट आहे, म्हणजे जीपपेक्षा स्वस्तही. जीपच घ्यावी लागली तर पुढची सीट आणि दाराची कड सोडायची. आणि सरकारला एक प्रश्न: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे, प्रसूत आई आणि बाळाला शासनाची गाडी फुकट घरी सोडते, ही खरोखर मोठी गोष्ट. म्हणजे जिल्ह्यातल्या हजारो बाळांचा आयुष्यातला पहिला प्रवास सरकारी वाहनात होतो. तो कुणाच्या तरी हातावरच का व्हावा? यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातून निघणाऱ्या गाड्यांत बाळासाठी बांधायची सोय केली, तर एका गाडीतलं एक आसन दिवसात चार बाळांना पुरेल.

ज्यांच्याकडं आसन आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी दोन-तीन खाचाखोचा, कारण अर्धवट वापर हा नुसता दिलासा असतो. तान्ह्याचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. युरोपातल्या नव्या नियमात हे पंधरा महिन्यांपर्यंत सक्तीचं आहे, आणि त्याचं कारण बाळाची मान: डोकं जड, मान कोवळी, धडकेत पाठ टेकलेली असली तर ओढ सगळ्या पाठीवर वाटली जाते. असं आसन एअरबॅगसमोर कधीही लावायचं नाही. डिसेंबरच्या थंडीत दुपट्यात गुंडाळून वर पट्टा आवळला तर तो बाळाला नाही, दुपट्याला आवळतो; आधी पट्टा, मग वरून दुपटं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतला लोखंडी खटका मांडीला चटका देतो, हात लावून बघा. आणि झोपलेल्या तान्ह्याची हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो, म्हणून दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढायचं. नागपूरच्या वाटेवर सेवाग्राम-पवनार त्यासाठीच आहे असं समजा. नीट लावलेल्या आसनानं तान्ह्यांचे मृत्यू सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढा गुण येणारं औषध बाळासाठी निघालं असतं तर आपण मेडिकलसमोर रांग लावली असती.

राहिलं विमान. कानांचं दुखणं खरं आहे, पण त्यावर कापूस चालत नाही. दाब कापसातूनही जातो. विमान खाली येऊ लागलं की बाळाला पाजायचं, गिळण्यानं कान मोकळे होतात. उतरायला अर्धा तास आधीच सुरुवात होते, तेव्हा चाकं टेकायची वाट पाहू नका. विरळ हवेचं म्हणाल तर केबिनमधला दाब साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे शिमल्याच्या आसपास, आणि शिमल्यातही बाळं जन्मतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, छातीचं किंवा हृदयाचं दुखणं असलेलं बाळ असेल तर मात्र आधी डॉक्टर. विमानात बाळाला खरा धोका झटक्यांचा, शेजाऱ्याच्या हातातल्या गरम चहाचा आणि वरच्या कप्प्यातून पडणाऱ्या बॅगेचा. म्हणून खिडकीकडची जागा, आणि कर्मचारी देतात तो जोडपट्टा कंटाळा न करता लावून ठेवायचा. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर न्यायची मुभा आहे. वेगळं तिकीट काढून, कंपनीला आधी विचारून, आसनात बसवणं त्याहून चांगलं.

इथं विरोधक मला अडवेल: मग विमानातही मांडी धोक्याची, हे तुम्हीच कबूल केलंत! केलं. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं विमान आदळत उतरलं. मांडीवरच्या चार मुलांना नियमाप्रमाणे खाली पायाशी ठेवायला सांगितलं होतं. त्यातलं बावीस महिन्यांचं मूल गेलं. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राऊन पुढं अनेक वर्षं मुलांना स्वतंत्र आसन सक्तीचं करा म्हणून भांडल्या. पण 2005 मध्ये तिथल्या विमान खात्यानं नकार दिला. कारण वाचण्यासारखं आहे: जादा तिकिटाच्या पैशापायी लोक विमान सोडून मोटारीनं जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं मरतील. ज्या देशात आसन आहे, रुंद रस्ते आहेत, दिव्याविना ट्रॉली नाही, तिथलं सरकार हे म्हणतं.

तेव्हा खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर विमानात जादा सीट घेऊ नका, मोटारीसाठी आसन घ्या. नागपूरला काउंटरवर ते सामानात द्या. बहुतेक विमान कंपन्या बाळाची ढकलगाडी किंवा आसन वेगळं वजन न मोजता नेतात, तिकीट काढताना तेवढं विचारून ठेवा. घरी ठेवून मात्र जाऊ नका. पुण्याला उतरल्यावर पुन्हा टॅक्सीच आहे.