धावलं किती, जळलं किती?

मुलांनो, पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या मारा आणि मग स्वतःच्या गालाला हात लावून बघा. गाल तापलेले असतात, घामही फुटलेला असतो. जवळ शेकोटी नाही, डोक्यावर ऊन नाही, मग ही ऊब आली कुठून? सकाळी खाल्लेल्या पोळीभाजीतून! अन्नात साठलेली ऊर्जा शरीर हळूहळू मोकळी करतं. तिच्यातल्या थोड्या भागावर स्नायू काम करतात आणि उरलेल्या बहुतेक भागाची उष्णता होते.

ही ऊर्जा मोजायचं माप म्हणजे कॅलरी. १ किलो पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती १ किलोकॅलरी. खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या गप्पांत आपण नुसतं 'कॅलरी' म्हणतो, पण ती असते ही किलोकॅलरीच. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत तिचाच आकडा छापलेला असतो.

माणसाच्या शरीरातला हा खर्च मोजायचा कसा? फ्रान्समधले शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी यासाठी गमतीदार प्रयोग केले. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्यांनी आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला भोवती बर्फ असलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळला, यावरून त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडली ते काढलं. पुढे १७९०च्या सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्याच्या तोंडावर मुखवटा बसवला. आधी त्याला शांत बसवलं, मग पायाने वजन उचलायला लावलं आणि दोन्ही वेळी तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं. काम करताना ऑक्सिजन कितीतरी जास्त लागला. लाव्हाझिए यांच्या पत्नी मारी-आन यांनी या प्रयोगाचं चित्र काढलं आहे. त्यात त्या स्वतः टेबलाशी बसून नोंदी लिहिताना दिसतात. आजही प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात. शरीराने १ लिटर ऑक्सिजन वापरला, की सुमारे ५ कॅलरी खर्च झाल्या असं समजायचं.

आता जरा गणित करू या. शांत बसलेला मोठा माणूस वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतो. या 'बसण्याच्या' खर्चाला एकपट धरू. घर झाडणं-पुसणं याला लागतं तीन ते साडेतीनपट. भरभर चालण्याला सुमारे चारपट. ताशी ८ किलोमीटर वेगाने धावायला सुमारे आठपट. आणि दोरीवरच्या उड्यांना दहापट किंवा थोडं जास्तच!

समजा, आईचं वजन ६० किलो आहे आणि ती अर्धा तास भरभर चालली. ६० गुणिले ४ गुणिले अर्धा, म्हणजे १२० कॅलरी. आता दुसरी बाजू बघा. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेल घेतलं, तर झाल्या १२६. अर्ध्या तासाची चाल आणि चमचाभर तेल, जवळपास बरोबरी!

इथेच एक घोटाळा होतो. गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसला होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, काल मी भजी खाल्ली. ती जळेपर्यंत डबा बंद." पुढच्या तासाला तो बाकावर डोकं टेकून बसला. त्याला आधी डबा खायला लावला आणि मग फळ्यावर आणखी एक गणित मांडलं.

६० किलोची आई दिवसभर नुसती बसून राहिली तरी ६० गुणिले २४, म्हणजे १,४४० कॅलरी खर्च होतात. हृदय धडधडतं, फुप्फुसं चालतात, मूत्रपिंडं रक्त गाळतात, अंग उबदार राहतं. हे सगळं फुकट होत नाही. तुमचं तर आणखी वेगळं आहे. सुमारे पाच वर्षांच्या मुलाचं शरीर विश्रांती घेताना जी ऊर्जा वापरतं, तिच्यातली निम्म्याहून अधिक एकटा मेंदूच घेतो! शिवाय हाडं वाढायची असतात, स्नायू भरायचे असतात. म्हणून वजनाच्या दर किलोमागे मुलांचा खर्च मोठ्यांपेक्षा जास्त असतो. मोठ्यांचं हे गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू पडत नाही. मनगटावरच्या घड्याळात दिसणारा कॅलरींचा आकडाही अंदाजच असतो, बरं का! खाल्लेला घास म्हणजे काही सावकाराचं कर्ज नव्हे, की धावून धावून फेडावं.

आई-बाबांनाही एक सांगणं आहे. "गुलाबजाम खाल्लास ना, आता मार दहा फेऱ्या!" असं गमतीतही म्हणू नका. त्याने खेळाची शिक्षा होते आणि खाण्याची भीती बसते. मुलाच्या वजनाची काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा, डबा बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. कॅलरी जाळण्यापुरताच हा तास नसतो. त्याने हृदय दणकट होतं, हाडं मजबूत होतात, रात्री झोप छान लागते. लगोरी, खो-खो, लंगडी, सायकल, काहीही चालेल.

आता या आठवड्याचा प्रयोग. शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग एक मिनिट दोरीवरच्या उड्या मारा आणि लगेच पुन्हा मोजा. नाडी पहिल्यासारखी व्हायला किती मिनिटं लागली, तेही वहीत लिहा. महिनाभर रोज खेळून हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.

आणि हो, प्रयोग उपाशीपोटी करायचा नाही. आधी थोडं खा, तासभर थांबा, मग उड्या!