परसबागेचे दुखणे उसाच्या पंपात



कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठी आपले उसाचे फड उभे आहेत, पण वांगी-भेंडी मात्र आठवडे बाजारातून घरात येते. घरामागे परसबाग का नाही असे आम्ही विचारले, की घरची माणसं सांगतात, "लावली होती साहेब, पण बोकड्या आला आणि सगळं गेलं." आमचे स्पष्ट मत असे, की हा दर वेळी बोकड्याच असतो असे नाही. पुष्कळदा ते आपल्याच उसाच्या तणनाशकाचे काम असते.

उसातल्या रुंद पानांच्या तणांवर आपण २,४-डी मारतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशात निघालेले हे औषध झाडाची वाढ बेताल करून त्याला मारते. ऊस, मका ही गवताच्या कुळातली पिके ते सोसतात. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी यांना ते सोसत नाही. पाने अरुंद, दोरीसारखी होतात, शेंडा पिळवटतो. द्राक्षवेल तर याला फारच हळवी, हे तासगावकडच्या बागायतदारांना सांगायला नको.

मग ओळखायचे कसे? बोकड्या पांढरी माशी, फुलकिडे, कोळी यांच्यामुळे येतो. तो एखाद्या झाडापासून सुरू होऊन हळूहळू पसरतो. तणनाशकाने मात्र थोड्याच दिवसांत टोमॅटो, वांगी, काकडी अशी निरनिराळी झाडं एकदमच वेडीवाकडी होतात आणि शेजारचा मका धडधाकट राहतो. ही खूण पक्की ध्यानात ठेवा. अशा झाडावर कीटकनाशक मारणे म्हणजे पैसे पाण्यात.

हे औषध परसात दोन वाटांनी येते. एक वारा, दुसरी पंप. उसाला तणनाशक मारलेला पंप नुसता विसळायचा आणि त्यानेच वांग्यावर फवारायचे, ही आपली सवय. टाकीत, नळीत, वॉशरात राहिलेला थोडा अंशही भाजीला पुरतो. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर तांबडा पट्टा ओढा. वारा पडलेला असताना, नोझल जमिनीलगत धरून फवारा. आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा. ज्या तुकड्यात ॲट्राझीन मारले आहे, तिथे त्याच हंगामात भाजी लावू नका. त्याचा अंश जमिनीत काही महिने राहतो.

दुसरे दुखणे पाण्याचे. पाट फोडून उसाला देतो तसे पाणी भाजीला दिले, की रोपे कोलमडतात, मुळे कुजतात. आधी कोरडे आणि मग एकदम भरपूर, असे झाले की टोमॅटोचे बूड काळे पडते. गादीवाफे करा, थोडे पण नेमाने पाणी द्या, वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घाला. वाळवा-मिरज भागात जिथे जमीन खारवट झाली आहे, तिथे तर उंच वाफ्याशिवाय भाजी नाहीच.

तिसरे औषधांचे. मोनोक्रोटोफॉस भाजीवर वापरायला २००५ सालीच बंदी झाली. उसासाठी आणलेली बाटली परसात नेऊ नका. परसबागेला घरचा उपाय पुरतो. अर्धा किलो निंबोळीचे कूट थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून दहा लिटर द्रावण करा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. वांग्याचा सुकलेला शेंडा अळीसकट खुडून जाळा. हळद्या पडलेल्या भेंडीला औषध नाही. ते झाड उपटायचे. काकडी-दोडक्याची किडकी फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरा.

"साहेब, एवढ्यासाठी जागा कुठली?" असे काही जण म्हणतील. हिशेब करू. एकरी ४० टन ऊस धरला, तर एका गुंठ्याचा ऊस होतो एक टन. त्याच गुंठ्यात, म्हणजे १०८९ चौरस फुटांत, घरापुरती बरीचशी भाजी होते आणि तिच्यावर काय मारले हे आपल्याला ठाऊक असते. बाजारच्या भाजीचे तसे सांगता येत नाही.

परसबाग ही घरच्या बायकांची हौस, असे समजून आपण तिकडे बघत नाही. पण पंप आपल्या खांद्यावर असतो. तेव्हा बाग वाचवण्याची पहिली जबाबदारी आपली, मग बी-बियाणाची गोष्ट. आडसाली लागणीच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने एवढं एक करावं: पंप वेगळा करावा.

— ऊस विकास अधिकारी